अंगठ्याच्या वरची ओळ

“ताई, कागद इतका पक्का केलाय तुम्ही, तुम्ही सुटलात आणि तुमच्या मागून मीही सुटलो!” शेजारच्या घराचं काम घेतलेला कंत्राटदार दारात उभा राहून जवळजवळ हसलाच. “उद्या अपघाताच्या चौकशीला साहेब आले की तो पुढे करा आणि गप्प बसा. नाहीतर भरपाईत हे घर जाईल.”

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेऊ नकोस. पदरात पोर आहे.”

कागद तिनेच केला होता. शेजारची भिंत रंगवायला शिडी तिच्या अंगणातून लावावी लागणार होती. आठ वर्षं अर्जांच्या खिडकीत बसलेली कारकून ती. लिहून घेतल्याशिवाय कोणाला आत कशी घेईल? तिने कागदावर लिहिलं: ‘मोरीवरचा पत्रा कुजका आहे. त्यावर पाय ठेवणार नाही. ठेवल्यास जबाबदारी माझी.’ कंत्राटदार फोनवर बोलत निघून गेला, म्हणून तिने अंगठा घेतला तो रंगाऱ्याचा, त्याच्याच रंगात बुडवून.

“लिहायला आलं असतं तर भिंती कशाला रंगवल्या असत्या, ताई?” तो म्हणाला होता.

खिडकीत अंगठ्याच्या वर ‘मजकूर वाचून दाखवला’ ही ओळ नसली की ती अर्ज परत करायची. त्या दिवशी आत बाळाने टाहो फोडला. ओळ लिहायची राहिली, आणि वाचायचंही. तासाभरात रंगाऱ्याच्या पायाखाली पत्रा मोडला, आणि तो मोरीच्या कठड्यावर पाठीवर पडला.

कागद पिशवीत घालून, बाळाला कडेवर घेऊन ती दवाखान्यात गेली.

“कमरेखाली काही कळत नाही त्यांना,” रंगाऱ्याची बायको म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, आता असंच. आणि कंत्राटदार म्हणतो, अंगठा दिलाय, एक पैसा मिळणार नाही. कशावर दिलाय, ते तरी सांगा.”

तिने कागद काढून वाचला.

रंगारी छताकडे बघत राहिला. “मला वाटलं, शिडी लावायच्या परवानगीचा कागद असेल.” मग हळूच म्हणाला, “एका शब्दाने बोलला असतात, ताई.”

तिला वाटलं, पळून जावं. घर, बाळ, सासूबाई, सगळं डोळ्यांपुढून गेलं. बाळाच्या मुठीतून पेन सोडवून घेऊन तिने अंगठ्याखाली दोन ओळी लिहिल्या, पूर्ण सही केली, तारीख घातली आणि कागद त्याच्या बायकोच्या हातात दिला.

“उद्या साहेबांना हाच द्या.”

“काय लिहिलंत?” रंगाऱ्याने विचारलं. “वाचा की.”

“‘हा मजकूर मी यांना वाचून दाखवला नव्हता. पत्रा कुजका आहे, हे मी तोंडीही सांगितलं नव्हतं.’”

त्याच्या बायकोने कागद उशाखाली ठेवला, तेलाचं फडकं घेतलं आणि त्याच्या बोटांवरचा वाळलेला रंग पुसायला सुरुवात केली. चार बोटं झाली. अंगठ्यापाशी त्याने हात मागे घेतला.

“एवढा साहेब येईपर्यंत राहू दे,” तो म्हणाला.