तेलाच्या दाबाची सुई

रविवार, दिनांक ७ मार्च २००४, सकाळचे साडेसात. स्थळ मांजरी, उसाच्या कडेची पत्र्याची शेड. नागोराव गजभिये यांनी अकरा वर्षे खपून बांधलेल्या एकासनी विमानाचे इंजिन चालू होते. तेलाचा दाब दाखवणारी सुई मात्र शेवटच्या खुणेपलीकडे उडे आणि पुन्हा मधोमध येई.

घरी विमान बांधणारा माणूस विक्षिप्तच असतो, हा समज निराधार आहे. नागोराव पाणीपुरवठ्याच्या पंपांवर तेहतीस वर्षे फिटर होते, आणि त्यांच्या हातचा एकही जोड कधी पाझरला नव्हता. उड्डाणासाठी शेजारच्या माळाची पट्टी मिळाली होती. उद्यापासून तिथे इमारतींचे पाये खणले जाणार होते. दुसरी जागा नव्हती. म्हणजे उड्डाण आज, नाहीतर कधीच नाही.

तपासणीला विमान कंपनीतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ भीमराव आले होते. त्यांच्या होकाराशिवाय उडायचे नाही, ही अट नागोरावांनी स्वतःच घातली होती.

“सेन्सर गेलाय, बाबा,” नागोरावांची मुलगी दीपमाला म्हणाली. ती हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होती. “बंद करून परत चालू करा. आमच्याकडे निम्मे प्रॉब्लेम असेच सुटतात.”

“आणि उरलेले निम्मे?” भीमरावांनी विचारले.

“ते क्लायंटला सवयीचे होतात, काका.”

इंजिन बंद करून नागोरावांनी सेन्सर फिरवून काढला. आट्यांवर पांढऱ्या टेपचे पाच वेढे होते.

“हे काय?” भीमरावांनी विचारले.

“गळू नये म्हणून. मी सगळीकडेच गुंडाळतो.”

“अहो, हा नळ आहे का? याला तार एकच. विजेची परतीची वाट या आट्यांमधून इंजिनच्या धातूत जाते. ती आपण मोठ्या मायेने बुजवलीत. जोड असा अर्धवट असला, की सुई खऱ्यापेक्षा वरच दाखवणार.”

नागोरावांनी टेप सोलली, आटे ब्रशने घासले, सेन्सर पुन्हा बसवला.

या वेळी सुई उडाली नाही. तेल तापत गेले तशी ती खाली सरकली आणि कमी दाबाच्या, धोक्याच्या लाल पट्ट्यात जाऊन थांबली. इंजिनचा वेग वाढवला, तरी ती चढेना. भीमरावांनी पेटीतले स्वतःचे दाबमापक लावून पाहिले. आकडा तोच आला.

“पण मघाशी तर सुई मधोमध होती!” दीपमाला म्हणाली.

“मघाशी ती खोटं बोलत होती,” भीमराव म्हणाले.

“मग एकच फेरी, बाबा. पाच मिनिटांची. आज नाही तर...”

नागोरावांनी इंजिन बंद केले. पंखा थांबेपर्यंत ते माळाकडे पाहत राहिले. मग हात पुसून भीमरावांकडे वळले.

“मला कळलंय. पण ते बोलायचं आपण. तसं ठरलंय.”

भीमरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“सेन्सर चांगला आहे,” ते म्हणाले. “हे विमान उडवायचं नाही.”