पांढरीतलं रडणं

मडकं रडलं तेव्हा सगळा तांडा एकदम मागं सरकला.

लेकरं आयांच्या घागऱ्यांमागं लपली. लिंबाच्या पाल्यावर दोन जुनी मडकी आडवी निजवलेली होती, तोंडाला तोंड लावून, सांध्यावर ओली माती लिंपून. त्यातून पुन्हा एकदा बारीक आवाज आला. भुकेनं दमलेलं तान्हं पोर रडतं, अगदी तसा.

"ऐका, गोरमाटींनो, ऐका!" बाबुलाल भगत दोन्ही हात वर करून ओरडला. "लेकरू बोलून राह्यलं! ज्या डाकणीनं खाल्लं तिले वळखून राह्यलं!"

मग त्यानं मंत्र सुरू केला. मंत्रात काली होती, भैरव होता, सात समुंदर होते आणि मधेच नागपूरचं टेसनही येऊन गेलं. पण घाबरलेला माणूस मंत्र तपासत नाही. भगत काळा सदरा घालून, कपाळभर शेंदूर फासून मडक्यांपाशी बसला होता. हातात पाण्याचा तांब्या होता. समोर गंगी उभी होती.

"एक पाऊल पुढं ये."

गंगी पुढं आली. भगतानं मडक्यावर पाणी सोडलं. मडकं रडलं.

"मागं हो."

ती मागं झाली. भगतानं तांब्या उभा केला. मडकं गप.

सगळे गंगीकडं पाहत होते. तांब्याकडं कोणीच पाहत नव्हतं.

डोंगरसिंग नायकही गंगीकडंच पाहत होता. तांड्याचा न्याय त्याच्या तोंडात होता. आज नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, बसली होती आणि नायकानं एकदा शब्द टाकला की तो फिरत नसे. गंगी डाकण ठरली तर दिवस मावळायच्या आत तिला तांड्याबाहेर काढायचं आणि तिचं झोपडं जाळायचं, असं ठरलं होतं. नायकाला वाटत होतं, तेवढ्यावर भागलं तर बरं. तो लहान असताना, तांडा अजून बैलांवर मीठ-धान्य लादून देशोदेशी फिरत होता तेव्हा, त्यानं एका डाकण ठरलेल्या बाईला माणसं ओढ्याकडं नेताना पाहिलं होतं. माणसं परत आली, बाई आली नाही. तिच्या बलियांचा, त्या हाडांच्या बांगड्यांचा खळखळाट नायकाच्या कानात अजून अधूनमधून वाजत असे.

या वर्षी पावसाळ्यात तांड्यात गोवर शिरला. लेकरं गेली. नायकाचा नातू नानक्या गेला तो गंगीच्या मांडीवर. गंगी तांड्याची दाई. नानक्याला जगात आणलं तिनंच, आणि शेवटचं पाणी पाजलं तेही तिनंच. "पुसदच्या दवाखान्यात न्या," असं ती दोन दिवस सांगत होती. नायकानं नेलं नाही. भगताचा ताईत बांधला होता ना!

नायकानं स्वतःच्या हातानं नातवाला ओढ्याकाठी पुरलं, वर धोंडे रचले. तेव्हापासून तिन्हीसांजेला ओढ्याकडून रडणं येतंय असं त्याला वाटे. तो उठून दारात उभा राही. वारा असे, कोल्हं असे, काहीतरी असे. पण रडणं जाईना.

मग दिवाळीनंतर तांड्यातल्या फुलसिंगनं गंगीच्या झोपड्यामागं ज्वारी साठवायला जमिनीत पेव खणायला घेतलं. तांडा बसला होता तो एका बुटक्या टेकाडावर. सगळे त्याला पांढरी म्हणत, कारण तिथली माती राखेसारखी भुरकट होती, रानातल्या काळ्या मातीसारखी नव्हती. फुलसिंग छातीइतका खाली गेला आणि कुदळ मडक्याला लागली. तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी. सोनं असंल म्हणून त्यानं ती फोडली. आत एवढीशी हाडं होती. बोटाएवढ्या बरगड्या. शेजारी तशीच आणखी जोडी होती, आणि तिच्या पलीकडं आणखी एक.

तान्ह्या लेकरांची हाडं, आणि तीही दाईच्या झोपड्यामागं. तांड्याला आणखी काय सांगायला हवं होतं? उरलं ते बाबुलालनं ढाणकीहून येऊन सांगितलं. गंगी अडलेल्या बाईला गाडीत घालून दवाखान्यात न्यायला लावी, त्यामुळं त्याच्या ताईतांना तांड्यात फारसं कोणी विचारीत नव्हतं. एक जोडी त्यानं 'शुद्ध करायला' म्हणून स्वतःकडं ठेवून घेतली आणि आज नसाबीत आणली.

ओढ्याकाठचे धोंडे जागचे हलले नव्हते. नायक पाहून आला होता. पण भगत म्हणाला, "डाकण धोंडा हालवत नसते, नायक. ती खालून नेते." तेव्हापासून नायकाला झोप नव्हती.

"बोल नायक, आता काय पाह्यजे?" बाबुलाल म्हणाला. "लेकरानं साक्ष देल्ली!"

"थांबा जरा," मागून आवाज आला. शाळेचे सदाशिवराव मास्तर गर्दीतून पुढं आले. मास्तर दोन वर्षांपूर्वी तांड्याच्या शाळेवर आलेले. त्याआधी दोन उन्हाळे ते जुन्या वस्तीच्या सरकारी खोदकामावर होते. "नायक, मडकं उघडून पाहू."

"हात लावशीन तर हात झडन!" भगत कडाडला. "आत आत्मा हाये!"

"मास्तर, तुमी बुकं शिकवा," फुलसिंग म्हणाला. "आमच्या मयताच्या गोष्टीत कायले पडता?"

लोक हसले, पण हसण्यात दम नव्हता. नायकानं मास्तरांना हातानंच खाली बसवलं. त्याला आता हे संपवायचं होतं. तो उठला, पागोटं सारखं केलं आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात धनीबाई धावली.

धनीबाई नायकाची सून, नानक्याची याडी, म्हणजे आई. सासऱ्यासमोर ती कधी घुंगटाशिवाय आली नव्हती. तिचा आवाज त्यानं घरात कधी ऐकला नव्हता. ती बायकांतून सुटून आली, भगताला खांद्यानं ढकललं आणि पाल्यावरची मडक्यांची जोडी उचलून छातीशी धरली.

"माह्यं लेकरू हाये! माह्यं लेकरू रडून राह्यलं आन् तुमी पाहून राह्यले!"

"ठेव खाली! मरशीन!" भगत तिच्या अंगावर धावला. मास्तर मधे आडवे झाले.

धनीबाईला काही ऐकू येत नव्हतं. ती खाली बसली, मांडी घातली आणि मडकं जोजवू लागली. डावीकडं झुकवलं, मडकं रडलं. उजवीकडं झुकवलं, गप झालं. पुन्हा डावीकडं, पुन्हा रडलं. आतलं पाणी डुचमळत होतं. सगळ्या तांड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. 

मग धनीबाई थांबली.

मडकंही थांबलं.

तिनं पुन्हा हलवलं. रडलं. पुन्हा थांबली. गप. घुंगट मागं पडलं होतं, आणि तिच्या तोंडावरचं वेड हळूहळू उतरत होतं.

"माह्यं लेकरू जोजवलं की गप होये," ती म्हणाली. आवाज साधा होता, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. "हे जोजवलं की रडते. ठेवलं की गप राह्यते. असं कोन्तं लेकरू असते वो?"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. तिथल्या प्रत्येकीनं पोर जोजवलं होतं.

"सुनबाई," नायक म्हणाला. सुनेशी तो पहिल्यांदाच थेट बोलत होता. "फोड ते."

"नायक! तांड्यावर आग पडन!" भगताचा शेंदूर घामानं नाकावर उतरला होता.

"पडू दे. फोड."

धनीबाईनं मडकं धोंड्यावर आपटलं. नुसतं पाणी सांडलं. एका खापरीला वरून पाणी शिरायला बारीक भोक होतं; दुसरीला करंगळीएवढं भोक होतं आणि त्यात लाखेनं बसवलेली बोरूची पिपाणी होती. मास्तरांनी ती काढून नायकाच्या हातावर ठेवली. "फुंका."

नायकानं फुंकली. नानक्या रडला.

म्हणजे तसाच आवाज आला.

मास्तरांनी सांगितलं ते पोरांनाही कळलं. एका मडक्यात पाणी ओतलं की ते सांध्यातून दुसऱ्या मडक्यात शिरतं. तिथल्या हवेला बाहेर पडायला पिपाणीशिवाय वाट नाही. हवा पिपाणीतून निघते आणि पिपाणी वाजते. "समुद्रापलीकडं पेरू नावाचा देश हाये. तिथली जुनी माणसं अशी शीळ घालणारी मडकी मुद्दाम करत. त्यांनी कोण्या बाईले डाकण ठरवलं का नाही, ते मले माहीत नाही. भगतानं ठरवलं."

बाबुलाल पाय काढायच्या बेतात होता. फुलसिंगनंच त्याचा सदरा धरला. "बस बे! नसाब उठली नाई अजून!"

पण नायकाचं समाधान झालं नव्हतं. पिपाणी खोटी, ठीक. "हाडं तं खरी हायेत ना, मास्तर?" तो हळूच म्हणाला. "ती कोनाची?"

मास्तर सगळ्यांना फुलसिंगच्या पेवाकडं घेऊन गेले. उन्हं तिरपी झाली होती, पेवाची एक बाजू लख्ख उजळली होती.

"नायक, तुमी जल्मभर पेवं खणली. बुजवलेलं पेव जमिनीत कसं वळखता?"

हे काय विचारणं झालं? तांड्यातलं पोरही सांगेल. "खणलेली माती पुन्हा जशीच्या तशी बसत नाई," नायक म्हणाला. "वरची खाली जाते, खालची वर येते. काला होते मातीचा. शंभर वर्सांनीबी कळते."

"मंग उतरा खाली आन् सांगा."

नायक उतरला. पेवाच्या भिंतीत, मडकी निघाली त्या खळग्यांच्या वर, पट्टे होते. एक राखेचा. त्यावर चोपून बसवलेल्या सारवणाचा, कोणाच्या तरी घराची जमीन. त्यावर पुन्हा राख. पुन्हा जमीन. नायकानं त्या पट्ट्यांवरून बोट फिरवत नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जसं बैलाच्या पाठीवरून फिरवावं. कुठं तुटलेलं नव्हतं. कुठं काला नव्हता. मडकी पुरल्यावर त्यांच्यावर कोणाची तरी घरं झाली होती, चुली पेटल्या होत्या, घरं पडली होती आणि पुन्हा झाली होती. त्यातला एकही पट्टा गंगीनं फोडलेला नव्हता. तिचा तांडाच मुळात नायकाच्या बापाच्या हयातीत इथं बसलेला.

"आपल्या आधी कोनी होतं इथं," नायक पेवातून म्हणाला.

"अडीच-तीन हजार वर्षं झाली असतील. नक्की सांगायले जाणता माणूस लागंल," मास्तर म्हणाले. "नाईल नदीच्या काठी, इराकात, कितीक देशांत जमिनीखाली अशी लेकरं सापडली. मडक्यात घातलेली, घराच्या आतच पुरलेली."

"घरात काहून?" धनीबाईनं विचारलं.

"लिहून ठेवलं नाही त्यांनी. कोणी म्हणते, मडकं म्हंजे आईचं पोट. कोणी म्हणते, लेकरू जवळ राहावं म्हणून. मले माहीत नाही."

"मले माहीत हाये," धनीबाई म्हणाली आणि घुंगट ओढून घेतलं.

हाडं परत त्याच मातीत ठेवली. फुलसिंगनं पेव दुसरीकडं खणलं. बाबुलालला ढाणकीच्या वाटेला लावून दिलं. कोणी मारलं नाही, ती पिपाणी तेवढी पोरांनी त्याच्यामागं वाजवत नेली.

दिवस मावळला तेव्हा नायक गंगीच्या दारात गेला. पागोटं काढून हातात घेतलं. गंगी चूल फुंकत होती.

"गंगी, माह्यं चुकलं."

ती वळली नाही. "नायक, तुह्या लेकाले मी जल्मवलं. नातवाले जल्मवलं. तू मले येक डाव इचारलं नाईस, गंगी, हे खरं का खोटं? मडक्याले इचारलंस."

नायक मान खाली घालून वळला. ओढ्याकडून वारा आला आणि त्यात काहीतरी रडल्यासारखं झालं. तो नेहमीसारखा थबकला. पण त्या दिवशी तो दारात उभा राहिला नाही; कंदील घेऊन ओढ्यापर्यंत गेला. धोंड्यांच्या फटीतून वारा घुमत होता. त्यानं फटीवर हात ठेवला. रडणं थांबलं. हात काढला, पुन्हा आलं.

दुःख खरं असतं म्हणून त्याच्या नावानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी होत नाही. तुमच्याही गावात उद्या एखादं मडकं रडेल, एखादा दगड दूध पिईल, कोणी एखाद्या बाईकडं बोट दाखवील. तेव्हा मागं सरकू नका. पुढं व्हा, मडकं हातात घ्या, हलवून पाहा. आणि जिच्याकडं बोट दाखवलंय, तिला आधी विचारा.