आडवी ठेवायची पेटी

हमाल गोरक्षनाथने उभ्या पेटीखाली हातगाडीची पट्टी सारली, पेटी अंगावर कलती करून घेतली आणि आतून ‘टक्’ असा आवाज आला.

“आला का ओ आवाज, अण्णा?” तो तसाच वाकलेला राहिला.

“नाही,” भीमराज साळवे म्हणाला.

आला होता. चांगला खणखणीत आला होता. एकतीस वर्षं ट्रान्स्पोर्टच्या गोदामात काढलेल्या माणसाला पेटीची भाषा कळते. काच फुटली की ती हलवल्यावर खळखळते. लोणच्याची बरणी फुटली की आधी वास येतो, मग ओल. दगड मात्र एकदाच बोलतो आणि गप्प बसतो.

“मग मलाच भास झाला म्हनायचा,” गोरक्षनाथ म्हणाला आणि पेटी दाराशी नेऊन ठेवली. साडेनऊ वाजले होते. अकराला ती न्यायला आक्काबाई टेम्पो घेऊन येणार होत्या.

नगरच्या स्टेशन रोडवर काकासाहेबांचं हे ट्रान्स्पोर्ट, आणि भीमराज तिथला डिलिव्हरी क्लार्क. बिल्टी म्हणजे मालाची पावती जुळवायची, माल दाखवायचा, सही घ्यायची. माल फुटका निघाला तर फोडणारा म्हणून कधी कुणी सापडायचा नाही. पाठवणारा म्हणायचा, आम्ही शाबूत दिला. ड्रायव्हर म्हणायचा, रस्त्याला विचारा. हमाल म्हणायचे, आम्ही फुलावानी उतरवला. आणि काकासाहेब बिल्टीच्या मागच्या बारीक छापील ओळीवर बोट ठेवायचे: जोखीम मालधन्याची. घेणारा चार शिव्या हासडून फुटकं गाठोडं उचलून चालू लागायचा. रजिस्टरात शेरा लिहायचं काम भीमराजचं. त्यासाठी त्याने एक वाक्य घडवून ठेवलं होतं: ‘पेटी बाहेरून शाबूत. आतील मालाविषयी कल्पना नाही.’ हजारदा लिहिलं असेल. काकासाहेब म्हणायचे, “साळवे, तुमच्या या एका ओळीवर आपला धंदा तरलाय बरं का.” आणि त्याला त्याचं कौतुक वाटायचं. खोटं कशाला बोला, वाटायचं.

घरी कौतुक करायला कुणी नव्हतं. बायकोला, छबूबाईला, जाऊन सात वर्षं झाली होती. मूलबाळ झालं नाही. गोदामात दिवस निघायचा. रविवार मात्र अंगावर यायचा. रविवारी तो दिवसभरात एकच शब्द बोलायचा, तोही चहावाल्याशी: “अर्धा.”

आक्काबाई पहिल्यांदा आल्या त्या चैत्रात. कर्जतच्या अलीकडे पिंपळदरा म्हणून गाव आहे, तिथल्या बौद्धवाडीच्या. सत्तरीच्या बाई, पण काठी नाही की चष्मा नाही. वाडीतल्या बायांनी दर दळणामागे मूठभर ज्वारी बाजूला काढून काढून तीन वर्षांत विहारासाठी संगमरवरी बुद्ध मागवला होता. जयपूरहून. उभा, उजवा हात वर उचललेला, भिऊ नका म्हणणारा.

“जय भीम भाऊ. आमचं बाबा आलं का?”

“कुठले बाबा?”

“जयपूरचं!”

भीमराजला हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं ते त्याचं त्यालाच माहीत.

दुसऱ्यांदा आल्या तेव्हा भर दुपार होती. माल आला नव्हताच. आक्काबाईंनी तिथंच बाकावर फडकं सोडलं. भाकरी, ठेचा, वाळवलेल्या घोळाची भाजी. “या, बसा. येकटं काय खायचं?” असं म्हणून अर्धी भाकर त्याच्या हातावर ठेवली. खाता खाता विचारपूस झाली. घरात कोण हाय? कुणी नाही. मंग सनावाराला? तसाच.

“मंग बुद्धपुनवेला आमच्याकडं या,” आक्काबाई म्हणाल्या. “वंदना तुमीच घ्यायची. आमच्या गड्यांची जीभ पालीला वळत न्हाई. बाया म्हनत्यात, पर म्होरं हून सांगाया मानूस लागतं. याल ना? का आपलं हो म्हनायचं?”

“येतो, आक्का.”

त्या संध्याकाळी तो खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि सबंध वंदना मोठ्याने म्हटली. छबूबाई असताना दोघं म्हणायचे. एकदाही अडला नाही. दुसऱ्या दिवशी पांढरं कापड घेऊन शिंप्याकडे शर्ट टाकला. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी माणूस पोरासारखा दिवस मोजायला लागला, हसायचं तर हसा.

पेटी आली पाच दिवसांपूर्वी. पुरुषभर लांब. वर लाल रंगात हिंदीत लिहिलेलं, ‘आड़ी रखें, खड़ी न करें’, आणि खाली बाण. गोरक्षनाथने ती बरोबर आडवी ठेवली. मग कुणीतरी तिच्यावर रंगाचे डबे ठेवले, डब्यांवर चपलांची खोकी. भीमराजने ओरडून ते सगळं काढायला लावलं. चार वाजता हमाल चहाला गेले. गोदामात तो आणि पेटी. अंधुक उजेडात ती लांबलचक पेटी, फटींतून बाहेर आलेलं गवत. छबूबाईला खोलीत अशीच ठेवली होती, तिचा भाऊ येईपर्यंत. भीमराजला ते बघवेना.

तो काही अडाणी नव्हता. बुद्ध देव नव्हे, दगडाला दुखत नाही, हे तो दुसऱ्यांना समजावून सांगणारा. पण बापाला कुणी असं आडवं पाडून ठेवतं का? त्याने पेटीला पाठ लावली, दोन्ही हात मागे घातले आणि एकट्याने ती उभी केली. कंबर धरली. पण उभी पेटी बघून इतकं बरं वाटलं त्याला! पाच दिवस तो सकाळी कुलूप काढलं की आधी तिला जय भीम करायचा. हमालांना वाटलं, साहेबांनी ठेवायला सांगितली असेल. कुणी विचारलं नाही.

पाच दिवस आतलं गवत मुकाट्याने खाली बसत होतं. मूर्ती सरकत होती आणि तो उचललेला हात आतल्या आडव्या पट्टीत अडकून सगळा भार धरून होता. हे कळायला भीमराजला त्या एका आवाजापलीकडे काही लागलं नाही.

काकासाहेब केबिनमधून बाहेर आले. “काय साळवे, काही वाजलं म्हणतोय गोरक्ष?”

“वाजलं.”

“हात्तिच्या! मग सही आधी घ्या. पेटी इथं उघडायची नाही, बांधावर जाऊन उघडू दे. पुढचं तुम्हाला सांगायला नको.”

खरंच सांगायला नको होतं. रीतच तशी होती. ‘माल मिळाला, तक्रार नाही’ यावर सही झाली की पेटी आणि पेटीतलं नशीब घेणाऱ्याचं. पिंपळदऱ्यात पेटी उघडली असती. बाया रडल्या असत्या. जयपूरवाल्याला, नाहीतर ड्रायव्हरला बोल लावला असता. आणि साळवेभाऊ? साळवेभाऊ पांढरा शर्ट घालून पुनवेला आले असते, हळहळले असते आणि सगळ्यांच्या पुढे उभे राहून वंदना म्हणाले असते. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

अकराला टेम्पो आला. हौद्यात आठ-दहा बाया, सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत, मांडीवर झेंडूच्या पाट्या. गाणं म्हणतच आल्या होत्या. टेम्पोवाला तुषार आक्काबाईंचा पुतण्या, मिशीवाला दणकट गडी. त्यानेही गळ्यात निळा रुमाल टाकलेला.

“भाऊ, कुटं सही करू?” आक्काबाई टेबलाशी आल्या. “अंगठा न्हाई बरं का. साक्षरतेच्या वर्गात शिकलेय आता.” त्यांनी पेन मुठीत धरलं, जीभ दातांत धरली आणि ‘आ’चा काना ओढायला घेतला.

भीमराजने कागद ओढून घेतला. शाईची रेघ टेबलावर गेली.

“थांबा आक्का. आधी उघडून बघा.”

“साळवे!” काकासाहेब केबिनच्या दारातून म्हणाले.

“आता काय बघायचं? तुमी बघितलं म्हंजे झालं की.”

“नाही. उघडून बघा. मग सही.”

त्याने स्वतःच पहार घेतली. वरच्या फळ्या निघाल्या तसं मूर्तीचं तोंड दिसलं आणि बायांनी हात जोडले. एकीने फुलं उधळली. आणखी दोन फळ्या निघाल्या. उजव्या खांद्यापासून खाली पांढराशुभ्र दंड आला, कोपर आलं, मनगट आलं आणि तिथं संपलं. हात पायापाशी गवतात पडला होता. पाचही बोटं धड.

बायांतली एक म्हातारी मटकन खाली बसली आणि घरचं माणूस गेल्यासारखी रडायला लागली. “तीन वर्सं ग, तीन वर्सं,” एवढंच म्हणत होती.

तुषारने हातगाडीकडे पाहिलं, मग गोरक्षनाथकडे. “तू आनली ना रं ही दारापोतूर? आपटलीस व्हय?” त्याने गोरक्षनाथची बंडी धरली.

“आईशप्पत न्हाई आपटली! वाजलं आतून, तवाच मी अण्णाला म्हनलं! अण्णा, सांगा की!”

काकासाहेब पुढे झाले. “हे बघा, हात आधी सोडा. बिल्टीवर छापलेलं आहे, जोखीम मालधन्याची. जयपूरहूनच फुटून आलं असेल. पेटी बाहेरून शाबूत आहे. विचारा आमच्या साळव्यांना.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आक्काबाईसुद्धा. त्यांच्या नजरेत अजून संशय नव्हता, तेच वाईट होतं. त्या आपल्या माणसाकडे बघत होत्या. भीमराजला वाटलं, एक वाक्य, फक्त एक वाक्य, आणि ते तर तयारच आहे.

“गोरक्षाला सोडा,” तो म्हणाला. “त्याला मी खोटं सांगितलं. आवाज मीही ऐकला. पेटी आडवी ठेवायची होती. ती उभी मी केली. मी एकट्याने. पाच दिवस उभी राहिली, म्हणून हात गेला.”

“का पन?” आक्काबाईंनी विचारलं.

“आडवी बघवेना, आक्का. मढं ठेवल्यागत दिसत होती. मला... बाबांना असं बघवेना.”

आक्काबाई पेटीपाशी गेल्या. लाल अक्षरांवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. आ-डी. र-खें. ख-डी. न. क-रें. वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग वळल्या.

“मला वाचाया आलं. तुमाला येतं ना वाचाया?”

“येतं.”

“मंग?”

भीमराजने हातातली पहार भिंतीला टेकवली.

आक्काबाईंनी वाकून तो हात उचलला. अंगावरच्या नव्या लुगड्याच्या पदरानं त्यावरचं गवत पुसलं, बाळाला घ्यावं तसा पदरात गुंडाळून पोटाशी धरला. तुषार आणि गोरक्षनाथने मिळून पेटी टेम्पोत चढवली. आडवी. बाया तिच्या दोन्ही बाजूंनी बसल्या. कागदावर सही झाली. अर्धवट राहिलेल्या ‘आ’पासून पुढे, सावकाश.

“येते, साहेब,” आक्काबाई म्हणाल्या.

साहेब! सबंध चैत्र-वैशाखात पहिल्यांदा. पुनवेला या असं म्हणाल्या नाहीत. येऊ नका असंही नाही. टेम्पो चौकातून वळेपर्यंत भीमराज दारात उभा होता. गाणं काही परत सुरू झालं नाही.

त्याने रजिस्टर ओढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘पेटी उभी ठेवल्याने मूर्तीचा हात तुटला. उभी ठेवणारा, भीमराज साळवे.’ काकासाहेबांनी वाचलं. “डोकं फिरलंय का तुमचं? असा शेरा कुणी लिहितं? उद्या दुसरा कुणी येईल, म्हणेल, आमच्याही पेटीला नाव लिहा!” बराच वेळ बडबडले. मग म्हणाले, “डिलिव्हरीला राहू नका आता. मागं बसा, बुकिंगला.” मागे बसल्यावर कुणाशी बोलायचंच नसतं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि खिडकीतून सरकवायचा.

पुनवेला गोदाम सुरू होतं. भीमराजने रजा टाकली, पांढरा शर्ट घातला आणि सकाळच्या कर्जत गाडीत बसला. का बसला, विचारू नका. पिंपळदरा फाट्यावर उतरला. गाव तिथून अर्ध्या कोसावर. उन्हात वाडीवरची निळी पताका दिसत होती. तो फाट्यावरच्या बाभळीखाली उभा राहिला आणि पाय काही पुढे पडेनात.

सायकलवरून जाणारा एक माणूस थांबला. “इहारात निगालाय जनू? बसा मागं, सोडतो. सुरूच व्हतंय आता.”

“नाही हो. नगरच्या गाडीची वाट बघतोय.”

“नगरची का? हितं तासभर न्हाई यायची.” तो पुढे गेला.

मग विहारावरचा कर्णा खरखरला. आधी पोरांचा गलका, मग सगळं शांत झालं आणि आक्काबाईंचा आवाज आला. म्होरं होऊन सांगायला दुसरं कुणी मिळालं नव्हतं. एकेक शब्द त्या अक्षर जोडून वाचावं तसा म्हणत होत्या, मध्ये थांबत होत्या आणि वाडी त्यांच्यामागे म्हणत होती.

भीमराज सावलीतून बाहेर आला. त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या, गावाकडे तोंड करून हात जोडले आणि तापलेल्या मातीवर अनवाणी उभा राहून, सगळ्यांच्या मागून, वाडीबरोबर वंदना म्हणायला लागला.