शेषेरावांच्या तळपायातला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. माझं घराणं माणसाच्याही आधीचं. मासा, बेडूक, उंदीर, देवणीचा बैल, सगळ्यांच्या अंगात आमची शाखा आहे. मी स्वतः मात्र गेल्या आठवड्यातला. आमच्यातला एकेक जण फार टिकत नाही. पण तहसीलदार बदलला तरी खुर्ची तिथंच असते ना? तसं 'मी' म्हणजे ती खुर्ची समजा.

मित्रांनो, मी लाकडाचा नाही, प्रथिनाचा आहे. चार तुकडे गोलाकार उभे केले आणि मधे फट ठेवली की मी झालो. माझा जन्म धर्माबादच्या शेषेरावांच्या कण्याजवळ, एका चेतापेशीत झाला. त्या पेशीच्या लांबलचक दोऱ्यातून मला त्यांच्या तळपायात पाठवलं गेलं. काम साधं होतं. त्रेचाळीस अंशांपर्यंत गप्प बसायचं. त्यापुढं उष्णता गेली की माझे तुकडे हलतात, फट उघडते, बाहेरचे क्षार आत घुसतात आणि विजेची एक लहर दोऱ्यातून कण्याकडे, तिथून मेंदूकडे पळत सुटते. ती पोचली की माणूस म्हणतो, भाजलं. नाही पोचली तर काहीच म्हणत नाही.

शेषेराव मिरचीच्या आडतीवर कामाला होते. वाळत घातलेल्या लाल मिरचीतून अनवाणी पाय ओढत फिरायचं, म्हणजे खालची मिरची वर येते. मिरचीतला तिखटपणाही मला उघडतो. तो माझ्यात पाचरीसारखा अडकून बसतो आणि विस्तव नसतानाही मी विस्तवाचीच बातमी देतो. त्यात चैत्राचं ऊन आणि पायाला भेग, मग शेषेराव कोंबड्यासारखे उड्या मारत. हमाल हसत. माझ्या कामाची दखल ती एवढीच.

पुढे त्यांना साखरेचा आजार जडला. गोळी ते आठवण झाली तर घेत. साखरेने दोरा टोकाकडून खायला घेतला, म्हणजे माझ्याकडूनच. एका उन्हाळ्यात उड्या थांबल्या. याला आजार म्हणावं असं कुणाला सुचलं नाही. उलट कौतुक झालं.

"दादा, पाय हायत का खुरं?" शेजारच्या आडतीवरचा वैजनाथ म्हणाला.

"मुरलेत म्हण. तुमची पोरं बूट घालून मिरची तुडवायलीत. आमचं चामडं बघ."

आणि ते तापल्या फरशीवर मुद्दाम उभे राहून चहा प्यायले.

मग थंडी आली. पाय गार पडल्यासारखे, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटू लागले. आमच्याकडे यावर विटेचा शेक असतो. त्यांच्या बायकोने, रेणुकाबाईंनी, चुलीत वीट तापवली, फडक्यात गुंडाळून तळव्यांना लावली.

"गार हाय ही."

त्यांनी पुन्हा तापवली.

"अजून गारच. चुलीत ठिवली व्हती का माठाखाली?"

"मला फडक्यातून धरवंना, अन् तुमाला गार?"

"तुझा हात नाजूक. पाय माझे हायत, मला कळंना का?"

रेणुकाबाईंच्या बोटांतले माझे भाऊबंद तेव्हा ओरडत होते, आणि त्यांचं ओरडणं पोचतही होतं. पण नवऱ्याच्या पायाचं नवऱ्यालाच कळणार, असं त्या घरात चालत आलेलं. त्यांनी फडकं काढलं आणि नुसती वीट लावली.

मी उघडलो असतो, मित्रांनो. पण दोरा पोटरीपर्यंत सुकला होता आणि तळव्यातली माझी जागा रिकामी होती.

"आता कुठं जरा बरं वाटायलंय," शेषेराव म्हणाले.

वास आधी मुलीला, ऋतुजाला आला. ती लातूरला शिकते, सुट्टीला आली होती. "बाबा, काहीतरी जळायलंय."

"मिरची आसंल."

एका तळव्याला फोड आला, त्यावर हळद लावली. मग तो तळवा काळा पडला. नांदेडच्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस थांबलात कसे?

"दुखलंच न्हाई. दुखलं असतं तर आलो नसतो का?"

तो पाय घोट्याच्या वरून काढला.

मी अजूनही कण्याजवळ तयार होतो आणि पायाकडे निघतो. वाट मधेच संपते. कधी तुटलेलं टोक आपोआप पेटतं, आणि शेषेराव बोटांची आग होते म्हणतात. रेणुकाबाई नसलेल्या बोटांवर पदराने वारा घालतात.

तेव्हा मित्रांनो, पाय बधिर झाले असतील तर वीट किती तापली हे त्या पायांना विचारू नका. दुसऱ्याच्या हाताला विचारा आणि तो काय म्हणतो ते ऐका. रोज तळवे बघा.

उरलेला पाय अनवाणी ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ऋतुजा दुकानात गेली. चप्पल एक मिळत नाही, जोडच घ्यावा लागतो.