एकतीस कच्चे वाडगे आणि मी

मी भट्टी बोलतेय. दारूची नव्हे, हे आधीच सांगून टाकते. ओळख करून देताना काही जणांच्या चेहऱ्यावर जी आशा उमटते, ती मोडताना मला दर वेळी वाईट वाटतं. मी मातीची भांडी भाजणारी, विजेवर चालणारी भट्टी आहे. उंचीनं माणसाच्या छातीला लागेन. मला उचलायला चार जण लागतात आणि त्यांतल्या एकाची कंबर धरतेच.

बाहेरून पत्रा, आत पांढऱ्या हलक्या विटा, विटांना कोरलेल्या खाचा आणि त्या खाचांत वेटोळी घालून बसलेल्या तारा. वीज आली की तारा तापतात. आधी माझं पोट लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं. दारात बोटभर भोक आहे, त्यातून डोकावून बघायचं. एवढीच माझी शरीररचना. याहून गुंतागुंतीची शरीरं घेऊन आलेली माणसं फार जास्त काम करतात, असं माझ्या पाहण्यात नाही.

कारखान्यातून मला एका अध्यापक विद्यालयानं नेलं. माझ्या आगमनानिमित्त पाच भाषणं झाली. पाचांपैकी एकाही वक्त्यानं माझ्या आत डोकावून बघितलं नाही. पहिल्या वर्षी मी सात वेळा तापले. आठव्या वेळी हस्तकलेच्या सरांनी घाईघाईत ओले हत्ती आत ठेवले. मातीत पाणी राहिलं की त्याची वाफ होते, आणि वाफेला सरांपेक्षा जास्त घाई असते. एकोणीस हत्ती फुटले, तुकडे तारांवर पडले, तारा तुटल्या. चौकशी झाली आणि दोष माझ्यात निघाला. दुरुस्तीचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि तिथल्या साहेबांबरोबरच तो निवृत्त झाला.

मग मी कपाट झाले. बारा वर्षं माझ्या पोटात जुन्या उत्तरपत्रिका होत्या. वरच्या फळीवर शिपाई आपला डबा ठेवायचा. भट्टीत ठेवलेला डबा गरम राहतो अशी त्याची श्रद्धा होती आणि रोज गार जेवूनही ती ढळली नाही.

शेवटी भंगार काढायचं ठरलं तेव्हा एक बाई आल्या. त्यांनी कपडे मळतील याचा विचार न करता डोकं थेट माझ्या आत घातलं, विटांवरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "विटा धड आहेत. तारांचं बघू."

बारा वर्षांत माझ्याविषयी कुणी उच्चारलेलं हे पहिलं चांगलं वाक्य.

बाई दातांच्या प्रयोगशाळेत काम करतात. चिनी मातीचे दात बनवायचे, मुठीएवढ्या विजेच्या भट्टीत भाजायचे, हा त्यांचा धंदा. तेव्हा आमची जातकुळी एकच. पण त्यांनी मला आणलं ते दातांसाठी नव्हे, वडिलांसाठी.

वडील कुंभार. चाळीस वर्षं लाकडाच्या भट्टीवर भांडी भाजलेली. भट्टीच्या भोकाला उजवा डोळा लावायचा, आतला रंग बघायचा आणि "झालं" म्हणायचं. त्या "झालं"वर सगळा गाव भांडी घ्यायचा. पण तीन वर्षांपूर्वी ओळीनं दोन भट्ट्या बिघडल्या. भांडी कच्ची निघाली, हातात घेतली की कपचे पडायचे. म्हातारबुवांनी लाकडाला दोष दिला नाही, हवेला दिला नाही. "माझी नजर गेली," म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं ती भट्टी पाडून टाकली. त्याआधी चाकावर घडवलेले एकतीस वाडगे तेवढे फळीवर राहिले. कच्चे. कच्च्या वाडग्यात पाणी ओतलं तर वाडगाच पाण्यात जातो.

मला मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं तेव्हा म्हातारबुवा दारात उभे होते.

"हे कपाट कशाला आणलंस?"

"कपाट नाही बाबा, भट्टी आहे. तुमचे वाडगे भाजायला."

"तू दात भाज. पुढच्या रविवारपर्यंत थांबतो, मग ते वाडगे भिजवतो. माती तरी मोकळी होईल. पिंप भरून ठेवलंय."

खरोखरच खोलीच्या कोपऱ्यात पाण्यानं काठोकाठ भरलेलं पिंप होतं. रोज सकाळी ते त्याचं झाकण उघडून बघायचे आणि पुन्हा लावायचे. पाणी पळून जाईल असं वाटत असावं.

तर आमच्या हातात दहा दिवस होते.

बाईंनी कामावरून आल्यावर तारा ओढायला घेतल्या. नवी तार दाट गुंडाळलेली येते, ती सगळीकडून सारखी ताणावी लागते. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं हातात, आणि पावलं मोजत मागे सरकायचं. पहिली तार मधेच जास्त ताणली गेली. बाईंनी ती बाजूला टाकली आणि दुसरी घेतली. दुसरी खाचेत बसवताना वाकडी झाली. ती काढली. तिसरी बसली. या सगळ्यात त्या एकदाही वैतागल्या नाहीत. फक्त ओठ घट्ट मिटायच्या. फुटलेल्या खाचांत भट्टीचा मसाला भरला, तारा जागेवर राहाव्यात म्हणून खिळे टोचले. मला टोचलेलं समजत नाही, पण समजलं असतं तरी मी गप्प राहिले असते. ज्याला पुन्हा उभं राहायचंय त्यानं टाक्यांबद्दल तक्रार करू नये.

वीज जोडायला बाईंचा आतेभाऊ आला. तो वायरमन आहे आणि तसं पाच मिनिटांत तीनदा सांगतो. मला पहिल्यांदा रिकामंच तापवलं, तर तापमापकाचा काटा शून्याच्या खाली सरकू लागला.

"ताई, भट्टी म्हणून फ्रीज आणलास की काय?"

"तू तापमापकाच्या दोन्ही वायरी उलट्या लावल्यास. बदल."

"मी पंधरा वर्षं..."

"बदल म्हटलं ना!"

वायरी बदलल्या. काटा सरळ चढला, सहाशेवर गेला आणि तिथेच बसला. हलवला, ठोकला, फुंकर मारली. काटा सरकारी माणसासारखा जागचा हलला नाही. नवीन तापमापक मागवायला वेळ नव्हता. बाई दुसऱ्या दिवशी शंकू घेऊन आल्या. बोटभर लांबीच्या मातीच्या काड्या त्या. ठरावीक उष्णता झाली की मान टाकतात, त्याआधी नाही. भोकासमोर एक उभी करायची आणि ती वाकेपर्यंत थांबायचं.

"उद्या भाजतेय," बाईंनी शनिवारी सांगितलं.

"कच्चे निघाले तर?" म्हातारबुवांनी विचारलं. आवाज खाली गेला होता. तेव्हा मला कळलं, त्या पिंपाचा अर्थ काय ते. माझ्याकडून कच्चे निघण्यापेक्षा स्वतःच्या हातानं भिजवलेले त्यांना परवडले असते.

"निघणार नाहीत."

रविवारी सकाळी एकतीस वाडगे माझ्या पोटात बसले. दुपारपर्यंत बाईंनी मला हळूहळू चढवलं. हत्तींची गोष्ट त्यांना कुणीतरी सांगितलेली असावी. म्हातारबुवा माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसले होते. चारच्या सुमाराला मात्र ते उठले, चष्मा कपाळावर सरकवला, उजवा डोळा भोकाला नेला आणि म्हणाले,

"झालं. पिवळं आहे. बंद कर."

बाईंनी गडद काच धरून बघितलं. "शंकू उभा आहे, बाबा."

"शंकूला काय कळतं? वर गेली तर वाडगे वाकतील. बंद कर म्हणतो ना!"

"ताई, मामा म्हणतायत तर..." आतेभावानं तोंड घातलं.

बाईंचा हात खटक्यावर होता. मी आतून ओरडून सांगत होते की मी अजून लाल आहे, जेमतेम नारिंगीकडे झुकले आहे. पण माझी भाषा रंगाची, आणि ती वाचणारा माणूसच चुकीचं वाचत होता.

बाई थांबल्या. मग अचानक म्हणाल्या, "बाबा, मी बसवलेले दात तुम्हाला कसे दिसतात?"

"आता दातांचं काय? पिवळे. वर्षभर सांगतोय, पिवळे केलेस."

"मी ते शेजारच्या दाताशी रंग जुळवून केलेत. पिवळे नाहीत. आरशात कुठल्या डोळ्यानं बघता?"

"डावा आपोआप मिटतो. चाळीस वर्षांची सवय आहे."

"म्हणजे ज्या डोळ्यात मोतीबिंदू आहे त्यानं! त्यातून सगळंच पिवळं दिसतं. डावा गेल्या वर्षी करून घेतलात, उजव्याला 'एक पुरे' म्हणालात. डावा लावा."

"मी उजव्यानंच बघतो."

"एकदाच. माझ्यासाठी."

म्हातारबुवांनी मान वळवली आणि डावा डोळा भोकाला लावला. बराच वेळ ते हलले नाहीत. मला जितकं लाल दिसता येईल तितकी लाल मी दिसले.

"लाल आहे," ते हळूच म्हणाले. मग खुर्चीत बसले. "म्हणजे त्या दोन्ही वेळा..."

"त्या दोन्ही वेळा हात बरोबर होता, बाबा. भट्टी लवकर बंद झाली, एवढंच."

पुढचे दोन तास मी आयुष्यात कधी केलं नव्हतं इतकं जीव ओतून काम केलं. म्हातारबुवांनी खुर्ची वळवून माझ्याकडे तोंड केलं. दर दहा मिनिटांनी उठायचे, उजवा डोळा तळहातानं झाकायचे, डाव्यानं बघायचे. सहाला काही मिनिटं असताना म्हणाले, "झालं." बाईंनी काच धरली. शंकू मान टाकत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निवले आणि दार उघडलं. दोन वाडग्यांना चीर गेली होती. उरलेले एकोणतीस म्हातारबुवांनी एकेक करून नखानं वाजवले आणि प्रत्येकाचा आवाज ऐकला. मग एक वाडगा घेऊन कोपऱ्यातल्या पिंपापाशी गेले, झाकण काढलं, वाडगा पूर्ण बुडवला आणि भरून वर काढला.

वाडगा वाडगाच राहिला. पाणी आत, वाडगा बाहेर, जसं असायला हवं तसं.

त्यांनी तो लेकीच्या हातात दिला आणि बाहेरच्या आरशापाशी गेले. उजवा डोळा झाकून दात बघितले.

"बरे केलेस गं," म्हणाले. "पांढरे आहेत."

बाई वाडगा हातात धरून उभ्या राहिल्या; पाणी थोडं हललं, सांडलं नाही.

आता पिंपात माती भिजतेय, नवी. चाकाला तेल दिलंय. उजव्या डोळ्याची तारीख ठरलीय, म्हातारबुवा ती अजून दोनदा पुढे ढकलतील असा माझा अंदाज आहे. मला येत्या आठवड्यात पुन्हा तापायचंय. माझं एकच मागणं आहे. माझ्या पोटात यापुढे काहीही ठेवा, पण भाजण्यासाठी ठेवा. आणि ओलं असेल तर आधी वाळवा. एकोणीस हत्ती माझ्या डोक्यावर आहेत, विसावा नको.