गाळलेली अट

माझा दादा गणितावर जाहीर व्याख्यानं देतो आणि मी गणित करते. या दोन कामांत फरक काय, हे आमच्या आईला अजून कळलेलं नाही. दादाला टाळ्या मिळतात, म्हणजे दादा मोठा.

त्या दिवशी विषय होता, कॉम्प्युटर गणिती विचार करू शकतो का. सभागृह गच्च भरलेलं. पहिल्या रांगेत आई, शेजारी मी. दादानं पडद्यावर एक प्रश्न टाकला. गावांचं आणि रस्त्यांचं जाळं, त्यात अमुक तऱ्हेची फेरी कायम सापडते का? "हा मला सहज सुचला," म्हणे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो माझा प्रश्न होता. माझी पीएचडी त्याच्यावर उभी आहे, चार वर्षं त्याच्यामागे घासतेय, आणि रविवारी जेवताना मीच बावळटासारखा तो दादाला सांगितला. भाऊ आहे म्हणून.

बघता बघता कॉम्प्युटरनं सिद्धता लिहून दिली. टाळ्यांचा कडकडाट. आईचा ऊर भरून आला. मी मात्र पडद्याकडे बघतच राहिले, कारण दादानं अटच गाळली होती. अटी आल्या की लोक पेंगतात, हे त्याचं ठरलेलं तत्त्वज्ञान. रविवारी मी अट सांगत होते तेव्हा साहेब भाजी वाढून घेत होते. त्या अटीशिवाय विधान साफ खोटं आहे, आणि त्या दीडशहाण्या यंत्रानं ते झोकात सिद्ध करून दाखवलं होतं.

मूग गिळून बसायला हवं होतं. पण खोट्या सिद्धतेला टाळ्या पडताना मला नाही बघवत. उठले, मंचावर जाऊन तिथल्या फळ्यावर सात गावं काढली, रस्ते जोडले. "यात फेरी दाखव," म्हटलं.

दादाला दाखवता आली नाही. त्यानं ते जाळं यंत्राला घातलं, तर यंत्रानं लगेच गोड शब्दांत माफी मागितली.

पण दादा कसला डगमगतोय. हसत म्हणाला, "ही माझी धाकटी बहीण बरं का. माणूस आणि यंत्र मिळून कसं काम करतात, बघा. चिमे, आता बरोबर अट काय ते सांग, इथेच सोडवून टाकू." बोटं कीबोर्डवर तयार.

अट सांगितली की खेळ खलास. यंत्राला जमलं, तर माझी सगळी वर्षं त्या पडद्यावर, दादाच्या नावानं.

"सांग की गं," आई म्हणाली. "दादा विचारतोय ना. लोक खोळंबलेत."

आता मला दादापेक्षा आईचा संताप आला. "रविवारी तू समोरच बसली होतीस, आई. हा प्रश्न कुणाचा, तेवढं तू सांग. मग मी अट सांगते."

आईनं दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता इथे कशाला ते," म्हणाली आणि मांडीवरची पर्स नीट करायला लागली.

मी खडू ठेवला आणि अट न सांगता निघून आले. आई अजून म्हणते, चारचौघांत मी दादाची शोभा केली.