राघोत्तम मास्तरांचं मौन

चेन्नईतल्या वेलचेरीच्या त्या गल्लीत राघोत्तम मास्तरांना मोठा मान. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गच्चीवर योगाचे वर्ग सुरू केले. जवळच्या सिरुसेरीच्या आयटी कंपन्यांतली पोरं पहाटे येऊन त्यांच्यासमोर डोळे मिटून बसायची. "विचार आला तर त्याच्याशी भांडू नका, जाऊ द्या," मास्तर सांगायचे. माणूस थापा मारत नव्हता हो, स्वतः त्याच वाटेनं आला होता.

बायको श्रीलक्ष्मी गेली तेव्हा कीर्तना जेमतेम तीन वर्षांची होती. मास्तर पार कोलमडले. फळ्यासमोर उभं राहिलं की गणित सोडून रडूच यायचं. कुणीतरी त्यांना एका योगगुरूंकडे नेलं. गुरूंनी आसनं शिकवली, प्राणायाम शिकवला आणि सांगितलं, शाळा सुटली की मौन पाळा. मास्तरांनी ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका! शाळेत दिवसभर तमिळमधून घसा फोडायचा आणि उंबरठा ओलांडला की तोंडाला कुलूप.

आता मास्तरांसारख्या तंजावूरकडच्या आपल्या मराठी लोकांचं कसं असतं, मराठी राहते ती घरातल्या घरात. बाजार तमिळ, शाळा तमिळ, शेजारपाजार तमिळ. त्या घरात मराठी बोलणारी मोठी माणसं दोनच. एक गेलं, दुसऱ्यानं मौन धरलं. पोरीनं काय भिंतींकडून शिकायचं? तिचे बोबडे मराठी शब्द वर्षभरात विरून गेले. शेजारच्या अलमेलूमामीनं तिला भरवलं, न्हाऊमाखू घातलं, तमिळमधून गोष्टी सांगितल्या. संध्याकाळी कीर्तना बापाच्या मांडीवर चढून काहीबाही विचारायची. बाप हसून डोक्यावरून हात फिरवायचा आणि गप्प बसायचा. पुढे तिनं विचारणंच सोडलं.

ध्यानाला बसलं की पहिली काही वर्षं श्रीलक्ष्मी कानात बोलायची. कधी दूध उतू गेलं म्हणून ओरडायची, कधी पोरीच्या तापाची काळजी करायची. मास्तर शिकवल्याप्रमाणे तो आवाज जाऊ द्यायचे. आला की सोडायचा, पुन्हा आला की पुन्हा सोडायचा. एके दिवशी तो यायचा थांबला. मास्तरांनी गुरूंच्या पायावर डोकं ठेवलं आणि गल्लीत लाडू वाटले. लाडू, बरं का!

दोन हजार सात साली कीर्तनाला तिच्या कंपनीनं पुण्याला पाठवलं. तेव्हापासून तिच्या फोनपुरतं मास्तरांनी मौन सोडलं होतं, तेही तमिळमधून. आठेक महिन्यांनी एका रविवारी दुपारी तिचा फोन आला.

"अप्पा, तुम्ही जेवलात का?"

स्वच्छ पुणेरी मराठी! मास्तर उठून उभेच राहिले. "अगं, कुणी शिकवलं तुला?"

"मैत्रिणीच्या आईनं. रोज जेवताना माझ्याशी बोलतात त्या."

मास्तरांना आनंद झाला आणि त्याच क्षणी लाजही वाटली. परकी बाई रोज जेवताना बोलते. आपण वीस वर्षं समोर बसून जेवलो, एक शब्द दिला नाही.

"त्या म्हणतात, तंजावूरचं मराठी वेगळं असतं, जुनं," कीर्तना उत्साहानं सांगत होती. "अप्पा, अम्मा कशी बोलायची? मला तिच्यासारखं बोलायचंय. एखादं वाक्य सांगा ना, तिच्या ढंगात."

"थांब हं," म्हणून मास्तरांनी डोळे मिटले. श्रीलक्ष्मी लगेच दिसली. कपाळावरचं ठसठशीत कुंकू, पदराला पुसलेले हात, हलणारे ओठ. आवाज मात्र नाही. त्यांनी जिवाच्या आकांतानं कान दिला. आत नुसती शांतता, सगळी स्वतःच्या हातानं घासूनपुसून ठेवलेली.

"अप्पा? आहात ना?"

"आहे," मास्तर म्हणाले. "मला आठवत नाही गं. तुझ्यासाठी तेवढं तरी जपायला हवं होतं. चुकलो मी."



"असू दे, अप्पा," ती तमिळमध्ये म्हणाली, आणि फोन ठेवेपर्यंत तमिळच बोलत राहिली.